पिशवीतली हिरवी साडी

१

कौसल्याने पिशवीची नाडी ओढली, गाठ एका झटक्यात सुटली आणि आतून हिरवी साडी निघाली.

निघायला हवी होती टसर. मधाच्या रंगाची, लाल करवती काठाची, रुपरावआबांनी उमरेडला आपल्या मागावर स्वतः विणलेली. डोळे साथ देईनात म्हणून यापुढे माग बंद, असं आबांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे ही त्यांच्या हातची शेवटची साडी, आणि ती नेसून त्यांची नात हर्षा आज साक्षगंधाला बसणार होती. आमच्या नाशिकला आम्ही त्याला साखरपुडा म्हणतो.

नागपूरच्या लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनजवळच्या हॉलमधल्या नवरीच्या खोलीत आम्ही सगळ्या त्या हिरव्या साडीकडे बघत राहिलो. बाहेर मुलाकडची माणसं तर्री-पोह्यांवर तुटून पडली होती. 

"हे टसर हाय?" रुखमाबाईंनी विचारलं. या हर्षाच्या आत्या, आबांची थोरली लेक, आवाज असा की लाउडस्पीकर लावावा लागत नाही. "कौसल्या, मी इचारून राहिली तुले. हे टसर हाय?"

"मले काय मालूम, बाई! पिशवी तर आपलीच हाय."

"तेच म्हणतो मी. पिशवी तुह्या माहेरची. सकाळपासून धरून तू बसली. गाठ तू सोडली. मंग साडी काय उडून गेली?"

कौसल्या म्हणजे हर्षाची काकू. हर्षाची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून तिला न्हाऊमाखू घालण्यापासून नर्सिंगच्या कॉलेजात पाठवण्यापर्यंत सगळं या काकूनेच केलं. म्हणून आजच्या व्याहीणभेटीला, मुलाच्या, म्हणजे अश्विनच्या, आईला भेटायला मुलीची आई म्हणून तिनेच उभं राहावं, असं हर्षाच्या वडिलांनी ठरवलं होतं. रुखमाबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. घरात थोरली मी, मग धाकट्या भावाची बायको का, हा त्यांचा सवाल होता आणि तो त्या सकाळपासून येईल त्याला विचारत होत्या.

आता त्यांना उत्तर सापडलं. "मागच्या महिन्यात म्हणत होती नं तू, अशी साडी माह्या पिंकीच्या नशिबी नाही? मंग? केली नं सोय? चोट्टी बाई पोरीची माय म्हणून उभी राहीन? मी जित्ती असताना नाही!"

कौसल्याने केसातला गजरा काढला, खिडकीत ठेवला आणि ती खोलीतून निघून गेली.

"काकू उभी नाही राहिली," हर्षा म्हणाली, "तर मी बी बाहेर येत नाही. सांगून द्या त्याइले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवकी. हर्षा नाशिकला दवाखान्यात नर्स आहे आणि माझ्या घरी भाड्याने राहते, एवढंच माझं नातं. पण मी विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झाले, हे तिने घरभर सांगून ठेवलं होतं. हरवलेल्या, जळालेल्या, चोरीला गेलेल्या वस्तूंच्या कहाण्या ऐकण्यात माझी उमर गेली. घरचे म्हणतात, मला नसत्या चौकशांची खोड आहे. असेलही. पण चौकशीला बसले की मला फार बरं वाटतं, हे मी कशाला लपवू?

"त्या साडीला कोणी हात लावू नका," मी म्हटलं.

२

मुलीकडची मंडळी सकाळी उमरेडहून एसटीने आली होती आणि मी आदल्या दिवशी रेल्वेने. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर आम्ही भेटलो. हॉलपर्यंत गाडी करता आली असती, पण पिंकीने हट्ट धरला की मेट्रोनेच जायचं. खरं तर आबांपासून माझ्यापर्यंत प्रत्येकालाच ते हवं होतं, फक्त पोरीच्या नावावर खपवलं. आमच्यापैकी कोणीच त्यात आधी बसलेलं नव्हतं.

मजा आली, खोटं कशाला बोलू. सामान तपासायच्या यंत्रात पिशवी सोडायला आबा तयार होईनात. शेवटी ते पट्ट्याच्या बाजूने पिशवीबरोबर चालत गेले, आणि पलीकडे ती निघताच सैल झालेली नाडी त्यांनी पुन्हा घट्ट बांधली. तिकीट म्हणजे चौकटीचौकटीचं चित्र छापलेला कागद. तो रुखमाबाईंनी चौघडी करून कनवटीला लावला, तो उतरताना फाटकापुढे उलगडेपर्यंत मागे रांग लागली. सरकत्या जिन्यासमोर आबा उभे राहिले ते राहिलेच, मग आम्ही लिफ्ट शोधली.

पिशवी लाल कापडाची होती, कौसल्याच्या भाच्याच्या लग्नात पाहुण्यांना वाटलेली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'सुशील संग पल्लवी'.

गाडी आली तशी कौसल्या आधी आत घुसली आणि तिने रिकाम्या बाकावर पिशवी टाकून आबांची जागा धरली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, अगदी तसंच. मेट्रोत त्याची काही गरज नव्हती, डबा अर्धा मोकळाच होता. पलीकडे फोनमध्ये मान घातलेला एक मुलगा गालात हसला. आबा मात्र त्या जागेवर न बसता दाराजवळच्या खांबाला धरून उभे राहिले, त्यांना बाहेरचं बघायचं होतं.

बाकाच्या कडेला जांभळ्या लुगड्यातली एक बाई बसली होती. मांडीवर फळांची टोपली, बाकीचं सामान शेजारी. तिने मला दोनदा विचारलं, "बाई, सुभाष नगर आलं का?" मी तिला दारावरची स्टेशनांची पट्टी दाखवली. तिलाही सवय नव्हती, हे उघड होतं. आम्ही सगळेच तिथे नवखे होतो आणि मला ते आवडत होतं. घरच्या वाटेवर माणूस काही बघतच नाही.

लोकमान्य नगरला उतरलो तेव्हा लाल पिशवी कौसल्याच्या काखेत होती. मी स्वतः पाहिली.

मग टसर गेली कुठे आणि केव्हा?

३

मी पहिल्यांदा धरलं हर्षाच्या वडिलांना, चंपतरावांना. ते हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ घाम पुसत उभे होते. मला पाहून त्यांनी हातातली सूटकेस पायामागे सारली. मागे सारलेल्या वस्तूवर माझी नजर आधी जाते.

"त्यात काय आहे, चंपतराव?"

"काही नाही, मावशी. कपडे हायेत."

"उघडा."

आत दुकानातली कोरी जांभळी पैठणी निघाली. चंपतराव पार खजील झाले. "आबाले नका सांगू. मुलाकडचे मिहानमधल्या कंपन्यांत मोठ्या नोकरीवाले लोक. त्याइले घरची टसर साधी वाटन म्हणून मी हे घेऊन ठेवली. पण आबाच्या तोंडाकडं पाहून काढवली नाही बाहेर. मी टसरले हात लावला नाही, आईची आन."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. टसर गायब करून दुसरी साडी ठेवायचीच असती तर त्यांच्याकडे पैठणी तयार होती. ती सूटकेसमध्येच ठेवून कुठूनशी हिरवी कशाला आणतील?

दुसरी पिंकी. कौसल्याची लेक, अकरावीतली, रडून रडून नाक लाल झालेलं.

"पिंके, तुला ती साडी आवडायची?"

"कोणाले नाही आवडणार? पण हर्षाताईची होती नं ते. मावशी, माह्या आईनं नाही केलं हो. आत्या काहून असं बोलून राहिली?"

"मेट्रोत तू कुठे बसलीस?"

"बसलीच नाही. मी फोटो काढून राहिली होती. पाहा नं."

फोटो पुष्कळ होते. मी ते नंतर बघायचं ठरवलं आणि रुखमाबाईंकडे गेले. खरं सांगते, माझा संशय त्यांच्यावरच होता. कौसल्या बाजूला झाली तर व्याहीणभेटीला त्याच उभ्या राहणार. फायदा कोणाचा, हा प्रश्न विम्यात आम्ही सगळ्यात आधी विचारतो.

"बाई, साडी गेली तर आईच्या जागी तुम्ही."

माझं बोलणं त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्या भडकल्या. "म्हणजे मी चोरली? बापाच्या हातची शेवटची साडी? तुमच्या नाशकात करत असतीन असं!" त्यांचे डोळे भरले होते, आणि ते मला खरे वाटले. "मी पाहून राहिली होती नं तिच्याकडं. साऱ्या रस्त्यानं कौसल्याचा हात पिशवीवरून हटला नाही. मंग तिच्याशिवाय कोण?"

"एकदाही हटला नाही?"

"एकदाही नाही."

मी पिंकीचा फोन मागून घेतला आणि फोटो एकेक करून सरकवू लागले. शेवटून तिसऱ्या फोटोवर माझं बोट थांबलं. फोटोत अंबाझरीचा तलाव होता, सकाळच्या उन्हात चकाकणारा. तलाव दिसताच पिंकी ओरडली होती आणि आम्ही सगळे उठून काचेला जाऊन चिकटलो होतो. रोजचे नागपूरकर जागचे हलले नव्हते. त्यांना तलावाचं काय कौतुक? उठलो होतो ते आम्ही पाहुणे. फोटोत आबा होते, चंपतराव होते, मी होते, खुद्द रुखमाबाई होत्या. आणि सगळ्यांच्या मध्ये कौसल्या, दोन्ही तळवे काचेवर टेकवलेले.

दोन्ही हात रिकामे होते.

४

म्हणजे पिशवी बाकावर एकटी राहिली होती. पण तेवढ्या वेळात गाठ सोडून, टसर काढून, दुसरी साडी भरून पुन्हा गाठ मारणं कोणाला जमेल? तेही चालत्या गाडीत, सगळ्यांदेखत?

मी आबांकडे गेले. ते मांडवाच्या कोपऱ्यात खुर्चीवर एकटेच बसले होते आणि त्यांना घडलेलं कोणी नीट सांगितलंही नव्हतं. मी सांगितलं.  ऐकताना त्यांची बोटं मांडीवर हलत राहिली.

"आबा, नाडीला गाठ कसली मारली होती?"

"दुसरी कसली मारीन? सूत तुटलं का जोडतो, तेच गाठ."

"ओढली तर सुटते?"

त्यांना माझी कीव आली असावी. "बाई, ओढून सुटली तर मागावर कापड टिकन का? माही गाठ ओढली का आवळते. दातानं सोडा लागते, नाहीतर कापा लागते."

मी तडक नवरीच्या खोलीत आले, दार लावलं आणि हर्षाला म्हटलं, "आता ती साडी उलगड."

हिरवी, जरीच्या बारीक काठाची, मध्यम प्रतीची साडी. घडीच्या पोटात त्याच कापडाचा ब्लाऊज होता. आतापर्यंत साडीकडेच सगळे बघत होते, घडी कोणी उघडलीच नव्हती. मी ब्लाऊज उलटा करून खिडकीशी नेला. नवा कोरा होता, एकदाही पाण्यात न गेलेला. पण दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून सैल केल्या होत्या. एकदा नाही, दोनदा. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन रांगा कापडात स्पष्ट दिसत होत्या.

मला हसू फुटलं. हर्षा माझ्याकडे बघतच राहिली.

"हसता काय मावशी?"

"अगं, टसर चोरून खोटी साडी ठेवणारा माणूस तिच्यावर ब्लाऊज शिवत बसेल का? आणि वर दोनदा सैल करेल? या साडीला मालकीण आहे. ही कोणीतरी मायेने तयार केलेली साडी आहे. आता तू नर्स आहेस, तूच सांग. न घातलेला ब्लाऊज दोनदा सैल करावा लागतो, अशी कोणती बाई असते?"

हर्षाने ब्लाऊज हातात घेतला. हिरव्या रंगाकडे पाहिलं, शिवणीकडे पाहिलं. "पोटुशी," ती म्हणाली. "सातव्या महिन्याची ओटी."

"आणि काकूने गाठ कशी सोडली, आठवतं?"

"ओढली. झटक्यात सुटली." तिचा हात तोंडावर गेला. "म्हणजे हे पिशवी आपली नाहीच!"

पिशवी आपलीच, पिशवी आपलीच, असं जो तो म्हणत होता आणि सगळी फसगत तिथेच झाली होती. एका लग्नात अशा किती पिशव्या वाटतात! आम्ही तलाव बघायला धावलो तेव्हा गुळगुळीत बाकावर दोन सारख्या पिशव्या शेजारी पडल्या होत्या. एक आमची, एक त्या जांभळ्या लुगड्यातल्या बाईची. तिचं स्टेशन आलं, ती गडबडीने उठली आणि हाताला लागली ती पिशवी घेऊन उतरली.

"पण मावशी, एवढ्या नागपुरात तिले शोधायचं कुठं?"

"नागपुरात नाही शोधायचं," मी म्हटलं. "सुशीलच्या लग्नात शोधायचं. पण ते काम एकच बाई करू शकते, आणि ती रुसून बसली आहे."

५

कौसल्या कोठीघरात कांद्याच्या पोत्यावर बसली होती. आपलं सामान उचलून तिने परतीच्या एसटीची वेळही विचारून घेतली होती. मी सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग चिडली.

"त्याइले सांगा नं जाऊन! मले चोट्टी म्हटलं त्या बाईनं, पोरीसमोर!"

"सांगेन. पण साडी हातात असल्याशिवाय कोण ऐकेल? तुमच्या वहिनीला, सुशीलच्या आईला, फोन लावा. सुशीलच्या लग्नाला आलेली, मुलगी सुभाष नगरला दिलेली, मुलीला सातवा महिना. कोण?"

फोन लागला. वहिनीला क्षणभरही विचार करावा लागला नाही. नात्यागोत्यात कोणाला दिवस गेलेत, याची चौकशी बायकांना करावी लागत नाही. "शेवंताबाई! आपल्या पल्लवीची मावशी, भिवापूरची. आजच तर पोरीची ओटी हाय. काहून?"

शेवंताबाईंचा नंबर आला. कौसल्याने तो लावला आणि मला ऐकू यावं म्हणून फोन दोघींच्या मध्ये धरला. तिने साडीचं नाव काढताच पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात बाई बोलू लागली.

"मी मोरीत येऊन बोलून राहिली. मले समजलं होतं वं, हे आपली साडी नाही म्हणून. पण पोरीनं नाडी कापून पिशवी उघडली ते साऱ्यायसमोर, आन मी काही बोलाच्या आधी माह्या व्याहीणबाईनं टसर हातात घेतली आन म्हणे, बाप्पा, शेवंताबाई, एवढी भारी! आजवर त्याइनं माह्या कोण्या वस्तूले चांगलं म्हटलं नव्हतं. पोरीचं तोंड असं फुललं का मले बोलवलंच नाही. आता ते नेसून पाटावर बसली हाय. मी काय करू, बाई? उठवू का तिले?"

मी कौसल्याच्या कानाशी कुजबुजले, "बाहेर चला. सगळ्यांसमोर स्पीकर लावा, आणि हेच पुन्हा बोलायला सांगा. एका मिनिटात तुमचं नाव धुऊन निघेल."

कौसल्याने फोन पदराखाली झाकला. "आन तिच्या पोरीचं? पोट्टी सासरी बसली हाय मावशी, पोटुशी. माय दुसऱ्याची साडी घेऊन आली, असं जलमभर ऐकवतीन तिले."

"मग तुमचं काय?"

 तिने पदराखालून फोन वर काढला. आवाज एकदम बदलला, ठणठणीत झाला.

"शेवंताबाई, रडू नका. तिले उठवू नका. ओटी भरू द्या निवांत. मंग व्याहीणबाईले सांगा का हे उमरेडच्या नवरीची साडी हाय. आमच्या विणकराच्या घरची रीत हाय, नवरीच्या साडीची घडी आधी पोटुशी बाईनं मोडायची, म्हणजे नवरीची कूस भरते. म्हणून तुमच्या पोरीकडं धाडली होती आम्ही. समजलं? मी येतो घ्याले. तुमची हिरवी बी आणतो."

अशी रीत मी ऐकली नव्हती, आणि कौसल्याच्या तोंडावरून दिसत होतं की तिनेही आत्ताच ऐकली.

फोन ठेवून आम्ही वळलो. कोठीघराच्या दारात रुखमाबाई उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. त्यांनी काय ऐकलं आणि काय नाही, तेही कळायला मार्ग नव्हता.

"मी बी येतो," त्या म्हणाल्या.

६

परतीच्या मेट्रोत तिघी एका बाकावर बसलो, हिरव्या साडीची पिशवी माझ्या मांडीवर. या वेळी तिकीट रुखमाबाईंनी हातात सरळ धरलं होतं. त्या कौसल्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशीही नाही. त्यांच्या मनात काय आहे, हे मला ओळखता येईना, आणि माणूस ओळखता आलं नाही की मी बेचैन होते.

सुभाष नगरला उतरून थोडं आत गेलो. दारातूनच बायकांचा गलका आणि फुलांचा वास आला. ओटी नुकतीच आटपली होती. पाटावर शेवंताबाईंची लेक बसली होती आणि अंगावर आबांची टसर. मी पहिल्यांदाच ती उलगडलेली पाहत होते. काय साडी होती! लाल करवती दात पायापासून खांद्यापर्यंत एका ओळीत चढले होते. कुठे एक दात चुकला असेल तर शपथ. अधू डोळ्यांचं हे काम आहे, असं कोणाला सांगूनही पटलं नसतं.

शेवंताबाई भिंतीशी चिकटून उभ्या होत्या. जांभळ्या लुगड्याचा पदर तोंडात. त्यांच्या व्याहीणबाई मात्र खुर्चीवर ऐसपैस, आणि डोळे तपासनिसाचे. माझ्यासारखाच चौकशी करणारा माणूस मी लगेच ओळखला.

"हे म्हणून राहिल्या का उमरेडकडं अशी रीत हाय," त्या म्हणाल्या. "नवरीची साडी आधी पोटुशीनं नेसायची. मी तर बाप्पा कधी ऐकली नाही. माही मामी उमरेडची होती." आणि त्यांनी आमच्यातल्या वयाने थोरल्या रुखमाबाईंकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा, हाय का अशी रीत?"

कौसल्याने मान खाली घातली. शेवंताबाईंनी डोळे मिटले. आता रुखमाबाईंनी खरं सांगितलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. कौसल्या खोटी ठरली असती, शेवंताबाई चोर ठरल्या असत्या, आणि रुखमाबाईंना घरी जाऊन आईच्या जागी उभं राहता आलं असतं.

रुखमाबाईंनी पदर सावरला.

"हाय तर!" त्यांचा तो आवाज घरभर घुमला. "साऱ्या घरात नाही. आमच्याच घरात हाय. माह्या आजीपासून चालत आली. आन पोटुशी बाई बी कोणतीही चालत नाही. घर चांगलं पाहून, सासू चांगली पाहून मंग साडी धाडतो आम्ही. ह्या कौसल्याबाईनं तुमचं घर पाहून ठेवलं होतं. नवरीची माय हाय ते."

व्याहीणबाईंच्या तोंडावर जो फुगीर समाधानाचा भाव आला तो बघण्यासारखा होता. त्यांनी लगेच आम्हाला बसायला लावलं, चहा टाकायला सांगितला.

कौसल्या मात्र जागची हलली नाही. ती रुखमाबाईंकडे बघत राहिली होती, आणि रुखमाबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे.

शेवंताबाईंच्या लेकीने आत जाऊन साडी बदलली. हिरवी नेसून बाहेर आली ती हसतच. "आई, हाच ब्लाऊज मापात बसला वं! टसरीवर घातलेला तर काचून राहिला होता." शेवंताबाई मग उघड उघड रडल्या, आणि आता रडायला चांगलं कारण होतं, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

हॉलवर पोचलो तेव्हा मुलाकडची मंडळी कुजबुजू लागली होती. आबा दारातच होते. त्यांनी साडी हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "कोण्या बाईनं नेसली म्हणता? काठ पायावर नीट पडला का?"

"नीट म्हणजे काय आबा, बघत राहावं असा."

"मंग झालं," ते म्हणाले आणि पोहे खायला गेले.

कौसल्याने हर्षाला साडी नेसवली. चंपतरावांनी विचारलं, "बाई, सापडली कुठं साडी?"

"सापडली म्हणजे?" रुखमाबाई कडाडल्या. "हरवली कुठं होती? घडी मोडाले धाडली होती कौसल्यानं. तुम्हा माणसाइले घरच्या रीती मालूम असतीन तं नं!"

मग त्यांनी खिडकीतला कोमेजत आलेला गजरा उचलला, कौसल्याला पाठमोरी केलं आणि तिच्या केसात जरा जोरातच खोचला. कौसल्या "आई गं" म्हणाली.

"उभी काय राहिली? अश्विनची माय वाट पाहून राहिली तिकडं." रुखमाबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "जा. पोरीच्या मायनं पुढं व्हा लागते."

मांडवात दोन बायका समोरासमोर उभ्या राहिल्या, एकमेकींना हळदीकुंकू लावलं आणि गळाभेट घेतली. कौसल्या त्या व्याहिणीच्या खांद्यावरून बराच वेळ डोकं वर उचलेना. अश्विनच्या आईला वाटलं, मुलगी द्यायची म्हणून आईचं मन भरून आलंय. त्या तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.